गुडघा ‘वाकवा’ म्हणा!

यंदा आवणीच्या दिवसांत आमच्या शेजारची मावशी बांधावरून घसरली. माहेर मुरबाडचे, सासर शहापूरचे. उभा जन्म भाताच्या चिखलात गेलेला. गुडघ्याचे प्लास्टर निघाले तेव्हा दवाखान्यातून तिला एक कागद मिळाला : ‘गुडघ्याचे आकुंचन व प्रसरण दररोज १० वेळा करावे.’ मावशीने तो घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला. महिन्याने माझ्याकडे आणला, तोवर गुडघा आखडून लाकूड झाला होता.

“मावशी, पाय दुमडायचा नि सरळ करायचा,” मी म्हणालो.

“एवढंच? मग तसं लिवायला काय झालं होतं, गुरुजी?”

हाच प्रश्न मी आमच्या पंडितांना विचारतो.

शाळेतही तीच गत. तापलेले लोखंड प्रसरण पावते, हे मुलांनी घोकलेले. एकाने मला विचारले, “गुरुजी, ताप आला की गुडघा लांब होतो का?” वर्ग हसला. मला हसू आले नाही.

पंडित म्हणतात, शास्त्राला नेमका शब्द लागतो. कबूल! पण गावचा शब्द ढिला असतो, हे कोणी सांगितले? आवणी करणारी बाई दिवसभर ओणवी असते : कंबर वाकलेली, पाय उभे. भांडी घासताना ती उकिडवी बसते : गुडघे मुडपलेले, बूड अधांतरी. कोणता सांधा वाकला, हे त्या एकेका शब्दातच आले. याहून नेमके ते काय?

आणि ज्या लॅटिनचा एवढा दरारा, तिने तरी काय केले? ‘मसल’ या शब्दाच्या मुळाशी आहे चिमुकला उंदीर. आमची पोरे दंडाची बेटकुळी काढतात. रोमचा उंदीर शास्त्रात जाऊन बसला; आमची बेडकी मात्र उंबऱ्याबाहेर! ‘सुपाइन’ आणि ‘प्रोन’ ही जोडी निजलेल्या देहाला लागते, तशीच तळहातालाही. आमचे उताणा आणि पालथा हे शब्द देहाला, हाताला, इतकेच काय, घड्यालाही लागतात. मांडी घालून बसणाऱ्या शिंप्यावरून त्यांनी मांडीच्या एका स्नायूला ‘सार्टोरियस’ म्हटले. त्यांचा शिंपी चालतो, आमची आवणीवाली का चालू नये?

भाषा संचालनालय १९६० साली निघाले, परिभाषाकोशांचे मोठे काम त्याने केले. माझी विद्या मॅट्रिकपुरती. मी ते काम मोडीत काढीत नाही. ‘आकुंचन’ कोशात सुखाने नांदो. पण रोग्याच्या हातातल्या कागदावर आणि पोरांच्या पुस्तकात पहिला मान ‘वाकवा’ला मिळालाच पाहिजे.

वाचकहो, अभ्यंगस्नानाच्या पहाटे आजी म्हणते, “ओणवा हो, पाठ चोळते.” त्या वेळी कोणते नातवंड कोश उघडते?

आमच्या मावशीला मात्र यंदा पाटावर मांडी घालता येणार नाही. तिच्यासाठी खुर्ची मांडली आहे.