साखरेची फाइल, श्वासाची फाइल

आमच्या सातारा-सांगलीकडे 'साखर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक साखर कारखान्यात तयार होते, दुसरी रक्तात निघते. कऱ्हाड तालुक्यातलं रेठरे बुद्रुक, वाळव्यातलं तर नावातच साखर असलेलं साखराळे... कारखान्यांमुळे मधुमेह होतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण या दुसऱ्या साखरेची आपल्याला इतकी सवय झालीय की तिची भीतीच उरलेली नाही. "साखर आहे होय? आता कुणाला नाही?" खरंच आहे म्हणा. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत.

अडचण होते ती या साखरेच्या जोडीला दुसरा आजार येतो तेव्हा. पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन हा त्यातलाच एक. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि त्यांच्यातला दाब वाढतो. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही, तिथं बीपी अगदी नॉर्मल असू शकतं. चढावर दम लागतो, चक्कर येते, पुढे पाय सुजतात. आणि घरचे म्हणतात, "साखरेनं अशक्तपणा आलाय, दुसरं काय!"

खरा भार पडतो हृदयाच्या उजव्या कप्प्यावर. तो मुळात पातळ भिंतीचा, कमी दाबाच्या कामासाठी घडलेला. या आजारात रुग्ण किती जगणार हे बरंचसं त्या कप्प्याच्या ताकदीवर ठरतं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या मधुमेही आणि बिगर-मधुमेही रुग्णांची तुलना केली होती. फुप्फुसातला दाब दोन्हीकडे सारखाच होता, पण मधुमेहींचा उजवा कप्पा कमी जोर लावत होता आणि ते कमी जगले. जुन्या नोंदींवरच्या अभ्यासातून साखर हेच कारण, असं सिद्ध होत नाही हे मान्य. पण मधुमेहात हृदयाच्या स्नायूला इंधन नीट वापरता येत नाही, हे माहीत असल्यावर त्यात नवल वाटत नाही. ओझं तेवढंच, पण बैल थकलेला.

आता औषधांचं बघा. या आजारात बोसेंटन नावाची गोळी देतात. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी तिच्यासोबत चालत नाही, यकृताला धोका असतो. पायोग्लिटाझोननं अंगात पाणी साठतं, म्हणजे आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार. साखरेच्या गोळ्या गावातल्या डॉक्टरांच्या आणि श्वासाच्या गोळ्या पुण्याच्या किंवा मिरजेच्या डॉक्टरांच्या, असं असेल तर ही टक्कर कोण पकडणार? दोन फाइली, दोन पिशव्या, आणि दोन्ही वाचणारं कुणीच नाही. माझा आक्षेप आहे तो इथं. सल्ला महाग नसतो, पण तो कुणाचं काम आहे हेच ठरलेलं नसतं.

कुणी म्हणेल, इतक्या दुर्मिळ आजारासाठी एवढा आटापिटा कशाला? दुर्मिळ आहे खरा. धाप लागणाऱ्या बहुतेक मधुमेहींना तो नसतो. कुणाला रक्त कमी असतं, कुणाच्या हृदयाची डावी बाजू अशक्त असते. पण त्यांपैकी एकही कारण 'साखरेचा अशक्तपणा' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. संशय येण्यापुरता टूडी इको पुरतो. पक्क्या निदानासाठी मात्र हृदयात नळी घालून दाब मोजावा लागतो.

तेव्हा घरात साखर असलेल्या कुणाला नव्यानं दम लागू लागला, तर वयावर ढकलू नका. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना दोन्ही फाइली आणि सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत न्या. "या दोन्ही एकत्र चालतात का?" एवढं स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच कसला? डॉक्टर रागावले तर रागावू देत. बघा पटतंय का.