मधल्या जोडीचा मोह

दिवाळीच्या सुमारास आमच्या आदिलाबादेकडे कापसाच्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात, गोंडांच्या वस्त्यांतून दंडारीचे ढोल ऐकू येऊ लागतात आणि बलिप्रतिपदेचे निमित्त साधून घरोघरी पत्त्यांचा कॅट कपाटातून बाहेर निघतो. या तिथीस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हा या सदरात आम्ही एकदा पत्त्यांवर लिहावे, यात फारसे वावगे नाही.

आमच्याकडे पत्ते म्हणजे मुख्यतः रमी आणि तीन पत्ती. या दोहोंतील भेद न्यायालयानेही मान्य केला आहे. सिकंदराबादेतील एका क्लबावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असे म्हटले, की रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते राखावे व कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून ती मुख्यत्वे कौशल्याची. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा. खटला ज्या कायद्याखाली उभा राहिला, तो निजामी अमदानीतील, १३०५ फसलीचा. पोकर या दोहोंपैकी कोणत्या पंक्तीत बसतो, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत एकमत झालेले नाही.

आम्हांस या खेळात रस उत्पन्न झाला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. हैदराबादेत नोकरीस असलेला हा मुलगा सुट्टीत भेटावयास आला. बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम त्याने मोबाईलवरील पोकरच्या स्पर्धांत घालवली होती. घरी अद्याप सांगितले नव्हते. आम्ही त्यास उपदेश करणार, तोच त्याने विचारले, "सर, हातात अठ्ठ्यांची जोडी असताना पाने टाकून द्यायची असतात का हो?" एवढे नुकसान सोसूनही त्याचे मन त्या एका डावाशीच अडखळले होते. प्रश्न गणिताचा होता, म्हणून आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांस बोलावून आम्ही वही पुढे ओढली.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकास दोन झाकली पाने मिळतात. मग मध्यभागी सर्वांच्या सामाईक अशी पाच पाने उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. नऊजण बसले असतील, तर सक्तीची बोली भरणाऱ्या दोघांच्या लगत बसलेल्यास प्रथम बोलावे लागते. अजून आठजण बोलावयाचे आहेत हे जाणूनही जो तेथून बोली चढवतो, त्याच्या हाती काहीतरी वजनदार असावे, असे मानणे भाग आहे. आपण शेवटच्या घरात आहोत, आणि हाती अठ्ठ्यांची जोडी आहे.

समजा, पहिल्या घरातील गृहस्थ सावध आहेत. नव्व्यांपासून एक्क्यांपर्यंतची जोडी, किंवा एक्क्यासोबत राजा वा राणी असल्याशिवाय ते बोली चढवीत नाहीत. सहा प्रकारच्या जोड्या, प्रत्येक सहा तऱ्हांनी येते, म्हणजे ३६. एक्का-राजा व एक्का-राणी प्रत्येकी १६, म्हणजे ३२. मोठ्या जोडीपुढे आपल्या अठ्ठ्या पाचांत जेमतेम एकदा तरतात. एक्का-राजापुढे शंभरात सुमारे ५५ वेळा. दोन्ही मिळून हिशेब केला, तर सर्वस्व पणाला लावल्यास आपण शंभरांत ३५-३६ वेळाच जिंकतो. जोडी हाती आल्याचा आनंद एवढ्यावर उतरतो!

मग ती फक्त बोली भरून, पुढची तीन पाने पाहण्यापुरती राखावी काय? त्या तीन पानांत तिसरी अठ्ठी येण्याचा संभव शंभरात सुमारे १२, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. उलट, अठ्ठीहून वरचे निदान एक पान पडण्याचा संभव ८७. म्हणजे बहुतेक वेळा समोर राजा-राणी पडलेली दिसणार आणि आपण संशयात बसणार. त्या एका यशस्वी डावात आधीच्या साऱ्या भरण्याची भरपाई व्हावयास हवी. आणि प्रतिपक्षी दरवेळी पैसे देतोच असेही नाही. म्हणून जाणकार म्हणतात, की भरावयाच्या रकमेच्या बारा-पंधरा पट तरी दोघांच्याही पुढ्यात शिल्लक असावी.

येथे आम्ही चिंचोके मांडून दाखवले. प्रत्येकाकडे ६०० चिंचोके, सक्तीची मोठी बोली १०, पहिल्याने २५ केले. भरल्यावर ५७५ उरतात, तेवीस पट, खुशाल भरावे. दोन तासांनी तीच सक्तीची बोली ४० झाली, आपल्याजवळ मात्र तेच ६००. पहिल्याने १०० केले. भरले तर ५०० उरतात, पाच पट. त्याच दोन अठ्ठ्या, तोच समोरचा गृहस्थ. पण आता पाने मुकाट्याने ठेवून द्यावीत. सर्व चिंचोके पुढे सारून धाक घालावा म्हटले, तर पहिल्या घरातून बोलणारा सहसा धाकाने उठत नाही.

स्पर्धेत आणखी एक गोम आहे. चिंचोके संपले की माणूस उठला. आणि ते दुप्पट झाले म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्यासही वाटा असतो. गमावलेला चिंचोका कमावलेल्याहून महाग पडतो तो असा.

मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत होता. दुऱ्ऱ्यांच्या जोडीविषयी कोणाचा भ्रम नसतो, एक्क्यांच्या जोडीविषयी शंका नसते. फसवते ती मधली. आम्हांस शाळेतही साठ-पासष्ट टक्क्यांच्या मुलांस सल्ला देणे सर्वांत कठीण जाते, ते उगीच नव्हे. "हे आधी कळले असते तर?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही स्पष्ट सांगितले, की पाने टाकावयास शिकलेला माणूस कमी हरतो, परंतु खेळविणाराही प्रत्येक स्पर्धेतून आपला भाग काढून घेतो, आणि तो भाग कोणत्याही हिशेबाने परत येत नाही. तेलंगणाने २०१७ मध्ये आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून ऑनलाइन पैजेचे खेळ बंद केले, २०२५ मध्ये केंद्रानेही तसाच कायदा केला. घरी सांगण्याचे काम कायदा करणार नव्हता. ते त्याने त्याच संध्याकाळी, आमच्या सहकाऱ्यांना सोबत नेऊन केले.

चिंचोक्यांवर खेळणाऱ्या घरांसाठी एक पुस्ती. आपल्याआधी आणखी दोघांनी बोली भरली असेल, तर तिसरी अठ्ठी आल्यास पैसे देणारे वाढतात, म्हणून पुढ्यात थोडे कमी असले तरी चालते. मात्र आपल्यामागे बोलावयाचे दोघे-तिघे उरले असतील, तर त्यांच्यापैकी कोणी बोली पुन्हा चढवील आणि तीन पाने न पाहताच आपणांस उठावे लागेल, हे धरून चालावे.