हाड जुळेपर्यंत गोळी जपून

वडूज असो वा विटा, प्लास्टर झाल्यावर डायक्लोफेनॅकची गोळी चिठ्ठीविना आठवडेच्या आठवडे घेणे थांबायला हवे. मोडलेल्या हाडाभोवतीची सूज ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. तिथले प्रोस्टाग्लँडिन नवे हाड घडवणाऱ्या पेशींना चालना देते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नेमके तेच रोखतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नको तिथे हाड वाढू नये म्हणून इंडोमेथासिन देतात, ते याच गुणामुळे. माणसांवरील अभ्यास एकमुखी नाहीत. थोडे दिवस घेतल्यास धोका कमी दिसतो. म्हणून वेदना सोसत बसू नका. पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा आणि हाड जुळणे लांबवणारी तंबाखू-मिश्री सोडा. ‘शेड्यूल एच’मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची ही गोळी चिठ्ठीविना विकली जाणार नाही, हे अन्न व औषध प्रशासनाने पाहिलेच पाहिजे.