ओळख पटण्यापुरता कॅमेरा

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावर हिवाळ्यातल्या रविवारी माणसाची पत लेन्सच्या लांबीवरून ठरते. ट्रायपॉडवर पांढरी, हातभर लांब लेन्स चढवलेला माणूस आला की कठड्याची मधली जागा आपोआप रिकामी होते. त्याच्या खालोखाल १५०-६०० मिलिमीटरच्या झूम लेन्सवाले. मग दुर्बीणवाले, ते बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटी, जिन्याच्या तोंडाशी, आम्ही ब्रिज कॅमेरेवाले. आमचा कॅमेरा दिसायला डीएसएलआरसारखाच असतो. पकड तशीच, डोक्यावर फ्लॅशचा उंचवटा तसाच. फक्त लेन्स निघत नाही. हे शेजारच्याच्या लक्षात आलं की त्याच्या आवाजात एकदम कणव येते. "काका, सुरुवातीला ठीक आहे हा. पुढे डीएसएलआर घ्यालच तुम्ही."

काकांनी घेतला नाही. आता घेणारही नाहीत. पैशाचा प्रश्न थोडाफार आहेच, नाही कसा म्हणू? ६०० मिलिमीटर एफ ४ ही लेन्स दहा लाखांच्या वर जाते आणि वजनाला तीन किलो भरते. पण उद्या कुणी ती फुकट आणून दिली तरी पहाटे निफाडच्या रस्त्याला लागताना मी माझाच कॅमेरा गळ्यात अडकवीन. मला त्याच्याकडून जे काम करून घ्यायचं असतं ते तो चोख करतो, आणि ते काम फोटोग्राफीचं नाही.

आधी झूमच्या त्या 'पट' प्रकरणाचा निकाल लावू. दुकानदार ज्या आकड्याने गिऱ्हाईक गार करतो तो ८३ पट हा आकडा खोटा नसतो, पण आपल्याला वाटतो तसाही नसतो. निकॉनचा २०१५ साली आलेला पी९०० घ्या. त्याची लेन्स फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, मापात २४ ते २००० मिलिमीटर. २००० ला २४ ने भागलं की ८३ येतात. म्हणजे हा आकडा लेन्सच्या रुंद टोकाचा आणि लांब टोकाचा संबंध सांगतो. डोळ्याला दिसतं त्याच्या ८३ पट मोठं दिसेल, असं तो म्हणतच नाही. साध्या नजरेच्या जवळची मानली जाणारी ५० मिलिमीटर लेन्स धरली, तर २००० म्हणजे साधारण ४० पट. पक्षी बघणाऱ्यांच्या हातातली दुर्बीण ८ किंवा १० पटींची असते. ४० पट हा आकडा स्पॉटिंग स्कोपचा आहे, ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने बघायची ती लांबट दुर्बीण. माझा कॅमेरा त्या कुळातला आहे. हातात धरता येणारा, आणि जे पाहिलं ते साठवून ठेवणारा स्कोप. त्याची तुलना डीएसएलआरशी होते तीच मुळात चुकीच्या घरी सोयरीक काढल्यासारखी आहे.

एवढी लांब लेन्स किलोभराच्या कॅमेऱ्यात मावते कशी? सगळी गोम सेन्सरमध्ये आहे. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. फुलफ्रेमचा ३६ बाय २४. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तीसपट फरक. सेन्सर एवढासा असल्यामुळे तो दृश्याचा अगदी लहान तुकडा उचलतो, आणि मग २००० चं काम करायला प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरची लेन्स पुरते. आमच्या कॅमेऱ्यात दोष काढणारा प्रत्येकजण सेन्सर लहान आहे म्हणून नाक मुरडतो. सेन्सर मोठा केला की लेन्सही त्याच प्रमाणात वाढवावी लागेल, आणि मग कॅमेरा उचलायला सोबत दुसरा माणूस न्यावा लागेल, हे कुणी सांगत नाही.

या लहानपणाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती रोज मोजावी लागते. लांब टोकाला लेन्सचं छिद्र एफ ६.५ पर्यंत आवळतं. उजाडताना, ढगाळ दुपारी किंवा झाडीत कॅमेरा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवायला लागतो. आठशेच्या पुढे गेलं की पिसांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, काळ्या रंगात जांभळे ठिपके येतात. डीएसएलआरवाले मित्र सांगतात की त्यांच्या ६०० मिलिमीटरचा फोटो कापून मोठा केला तरी माझ्यापेक्षा सरस निघतो. चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ६०० ची लेन्स ९०० सारखी वागते. ते चित्र २००० च्या बरोबरीला येईपर्यंत कापलं तर हाती पाचेक मेगापिक्सेल उरतात. तेवढे पुरतात. शिवाय ६०० एफ ६.३ लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड ९५ मिलिमीटरचं, माझं ५५ चं. म्हणजे तिच्यात तिप्पट उजेड शिरतो. कातरवेळेला मित्रांचं म्हणणं शंभर टक्के खरं. भर उन्हात ते वाद घालण्याइतपतच खरं. आणि सकाळचे नऊ-साडेनऊ वाजून पाण्यावरची हवा तापायला लागली की वाद मिटतो. लांबवरची बदकं लेन्समध्ये थरथरायला लागतात, कडा वितळतात. मधल्या हवेला लेन्सची किंमत कळत नाही. दहा लाखांची असो, चाळीस हजारांची असो, ती दोघांचाही फोटो सारखाच बिघडवते.

उडते पक्षी हा आमच्या बाजूचा दुसरा कच्चा दुवा. दलदली भोवत्या लव्हाळ्यावरून तरंगत येतो आणि अचानक खाली झेपावतो. शेजारी शटरची खडखड सुरू होते. माझी लेन्स मोटरवर चालते, ती सावकाश बाहेर येते, फोकस पुढे-मागे चाचपडतो, तोवर भोवत्या पलीकडच्या काठाला. मी आता प्रयत्नच करत नाही. कॅमेरा खाली ठेवतो आणि झेप डोळ्यांनी बघतो. मनोऱ्यावर ती झेप बघणारा बहुतेक मी एकटाच असतो, कारण बाकीचे ती टिपत असतात.

आता माझं खरं काम सांगतो. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं पाणी. हिवाळ्यात इथे तलवार बदक, थापट्या, मोर शराटी हे सगळे असतात. हळदीकुंकू बदक तर बारा महिन्यांचं. ही मंडळी ओळखायला सोपी. खरी परीक्षा चिखलाच्या काठावरच्या तुताऱ्या घेतात. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी दोन्ही मातकट, दोन्ही चिमणीहून बऱ्याच मोठ्या, दोन्ही चिखलात चोच खुपसून पळणाऱ्या. पुस्तक सांगतं की ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशी थांबते. ठिपकेवालीचे पाय पिवळसर, पाठ ठिपक्यांनी भरलेली. हिरवी पाठीवर जास्त गडद. पुस्तकात हे सोपं. दीडशे मीटरवर, पळत्या पक्ष्याची भुवई कुठे संपते ते दुर्बिणीतून ठरवायला तोंडाला फेस येतो. मी कॅमेरा कठड्यावर टेकवतो, दोन-चार फोटो काढतो आणि पडद्यावर मोठे करून बघतो. फोटो दळभद्री असतो. करकरीत नसतो, मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळलेली नसते. पण भुवई कुठे संपली ते दिसतं. पक्षीवाल्यांच्या भाषेत हा 'रेकॉर्ड शॉट', आणि तो शब्द ते जरा नाराजीनेच उच्चारतात. मला त्याच्यापलीकडचं काही नको असतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी चढवताना एखाद्या शंकास्पद नोंदीला हा फोटो जोडला की तपासणाऱ्यालाही समाधान आणि मलाही.

पट्टकादंब हंसांच्या थव्यात गळ्याला रंगीत पट्टा असलेला पक्षी शोधायची सवय लावून घ्यावी अशी आहे. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली की तो पक्षी कुठला, त्याला कधी पकडून सोडलं, हे सगळं उलगडू शकतं. पट्टा वाचायला जवळ जायचा प्रयत्न केलात तर थवा उठणार. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था पक्ष्यांच्या पायात वाळी घालतात त्यांचंही तसंच. अंतर राखून वाचायचं तर ४० पटींचं काहीतरी लागतंच. घरट्यांच्या बाबतीत तर मी हे अंतर सक्तीचं करावं अशा मताचा आहे. चौकट पूर्ण भरायला हवी म्हणून घरट्याच्या दहा फुटांवर जाऊन बसणारे मी पाहिले आहेत. लांब झूमवाल्याला निदान तो मोह होण्याचं कारण उरत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. माझ्या कॅमेऱ्यात डोळा लावला की आत छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा दिसतो. डीएसएलआरमध्ये आरसा असतो, तिथे खरा प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. यावरून वर्षानुवर्षं आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. "तुम्ही काय, टीव्हीत पक्षी बघता." आता कॅनन आणि निकॉननी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. बहुतेक सगळे बिनआरशाच्या मिररलेसकडे वळले, आणि मिररलेसमध्ये डोळा लावला की पडदाच दिसतो. त्यांचा पडदा माझ्यापेक्षा फार सुंदर आहे, हे मान्य. पण टीव्ही तो टीव्हीच. टोमणे मारणारे आता त्या पडद्याचे गुण मला समजावून सांगतात. उलट आमच्या बाजूला निकॉनने २०२५ मध्येसुद्धा पी११०० हा नवा ब्रिज कॅमेरा आणला.

सोसायटीत या कॅमेऱ्याची लोकप्रियता मात्र पक्ष्यांमुळे नाही, चंद्रामुळे आहे. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध संपलं की कॅमेऱ्याची मागणी होते. २००० मिलिमीटरला चंद्र चौकटीची जवळजवळ पाऊण उंची भरतो. पोरं ओरडतात. मी त्यांना दरवर्षी सांगतो की कोजागरी ही चंद्र बघायची सगळ्यांत वाईट रात्र, कारण उजेड समोरून पडतो आणि विवरांना सावलीच नसते. शुद्ध अष्टमीला या, अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या भिंती उठून दिसतात. अष्टमीला कुणी येत नाही, कारण दूध नसतं. ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवला तर चंद्र सरकत सरकत तीनेक मिनिटांत चौकटीबाहेर जातो. ते सरकणं आपल्या पृथ्वीचं आहे हे एखाद्या पोराच्या ध्यानात आलं की दूध वसूल. गुरूचे चार चंद्रही दिसतात, एका ओळीतले ठिपके म्हणून. गॅलिलिओने १६१० साली ते साधारण वीस पटींच्या दुर्बिणीतून पाहिले होते. आणि याच कॅमेऱ्याने फोकस चुकलेल्या ताऱ्यांची थरथरती चित्रं घेऊन पृथ्वी सपाट आहे असं सिद्ध करू पाहणारी माणसंही जगात आहेत. त्याला कॅमेरा काय करणार?

पावसाळ्यात सह्याद्रीत लेन्स बदलायची नसणं हे सुख वेगळंच. कासच्या पठारावर धुकं गालाला लागत असताना डीएसएलआर उघडणाऱ्याचा चेहरा बघावा. माझ्याकडे एकाच लेन्समध्ये पाऊलभर अंतरावरचं नखाएवढं फूलही येतं आणि समोरच्या डोंगराची धारही. त्याची दुसरी बाजूही सांगतो. आत-बाहेर होणारी ही लेन्स हवेबरोबर धूळ ओढून घेते. डीएसएलआरचा सेन्सर घरी पुसता येतो. इथे धूळ आत गेली की कॅमेरा खोलावाच लागतो, आणि दुरुस्तीवाल्याचा आकडा ऐकून माणूस डाग असलेल्या फोटोंवर प्रेम करायला शिकतो.

तेव्हा घ्यायचा असेल तर नीट ठरवून घ्या. लग्नाचे, घरातल्या उजेडातले, धावत्या नातवंडांचे फोटो काढायचे असतील तर याच्या वाटेला जाऊ नका. भिंतीवर लावायला वाघ हवा असेल तरीही नको. दुकानात पट किती हे विचारू नका. सेन्सर केवढा आणि लांब टोकाला एफ किती, एवढंच विचारा. निकॉन पी१००० मध्ये ३००० मिलिमीटर आहेत, पण ते एफ ८ ला आणि १४१५ ग्रॅमला. एवढ्या लांबीवर पक्षी चौकटीत सापडेपर्यंत उडून जातो. सोनीचा आरएक्स१० मार्क चार सेन्सरने चौपट मोठा आणि उजेडाला उदार, पण ६०० ला थांबतो आणि खिशाला फार जड. माझ्या मते २००० हा या जातीचा शहाणा आकडा आहे. वापरलेला मिळत असेल तर लेन्स पूर्ण बाहेर काढून, छिद्र आवळून स्वच्छ आकाशाचा एक फोटो घ्या. त्यात करडे ठिपके दिसले तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत द्या.