मागच्या तीन महिन्यांची कुंडली

इंटरव्ह्यूच्या तिन्ही फेऱ्या पार पडलेल्या असतात. मग एचआरचा फोन येतो. करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेड किती? शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मेल करा. आपण बसमध्ये उभ्या उभ्या पीडीएफ शोधतो आणि पाठवून देतो. पगाराची बोलणी सुरू व्हायच्या आधीच आपण तिथे हरलेलो असतो.

कारण पुढचं गणित ठरलेलं आहे. जुना पगार अधिक वीस-तीस टक्के. तुम्ही काय काम करणार, बाजारात त्याचा भाव काय, कंपनीने त्या जागेसाठी किती पैसे बाजूला ठेवलेत, हे सगळं गौण.

समजा, दोन मैत्रिणी एकच काम करतात. एकीची सुरुवात कॅम्पसमधून साडेतीन लाखांवर झाली, दुसरीची सहा लाखांवर. दोघींनी दोनदा नोकरी बदलली, दोन्ही वेळा ३० टक्के हाइक घेतली. पहिली पोचते ५ लाख ९१ हजारांवर, दुसरी १० लाख १४ हजारांवर. म्हणजे दोन नोकऱ्या बदलूनही पहिली अजून दुसरीच्या पहिल्या पगारापर्यंत आलेली नाही. बाविसाव्या वर्षी गरज होती म्हणून घेतलेली ऑफर तिच्या मानगुटीवर बसली आहे. बाळंतपणानंतर कमी पगारावर परतलेल्या बाईचं आणि तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या पोराचंही हेच होतं.

अमेरिकेत आयलीन रिझो या गणिताच्या शिक्षिकेला कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीने नोकरी देताना मागच्या पगारावर पाच टक्के वाढवून दिले. तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला जास्त मिळतं, हे तिला २०१२ मध्ये कळलं. ती कोर्टात गेली. मागचा पगार हे बाईला कमी पैसे देण्याचं कारण होऊ शकत नाही, असं तिथल्या अपील कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. युरोपीय संघानेही २०२३ च्या निर्देशात तेच म्हटलं. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला, पण हा प्रश्न विचारू नका, असं सांगणारा कायदा अजून नाही.

"पडताळणीसाठी लागतं हो," हे एचआरचं ठरलेलं उत्तर. कसली पडताळणी? काम केल्याचा पुरावा एक्स्पीरियन्स लेटर देतं, सोडल्याचा रिलीव्हिंग लेटर. टीडीएसच्या हिशोबाला जुन्या पगाराची माहिती लागू शकते, पण ती रुजू झाल्यावर. आणखी एक गंमत बघा. पगार गोपनीय ठेवा, असं कलम बहुतेक अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं. नवी कंपनी तुम्हाला जुन्या कंपनीचं ते कलम मोडायला लावते आणि स्वतःच्या तशाच कलमाखाली तुमची सही घेते.

मान्य आहे, घराचा हप्ता डोक्यावर असताना ठाम नकार देणं परवडत नाही. म्हणून खोट्या स्लिपा बनवू नका. ती फसवणूक आहे, आणि पकडले गेलात तर नोकरी जाते. पण एवढं तर करता येईल. आकडा सांगण्याआधी विचारा, "या जागेचं बजेट किती आहे?" अपेक्षा सांगा, इतिहास टाळा. अगदीच अडलं, तर स्लिपा लेखी ऑफर हातात पडल्यावर द्या. आणि मित्रमैत्रिणींना आपला पगार सांगायला लाजू नका. आपल्या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो.

एकदा उलटा प्रश्नही विचारून बघा: "माझ्याआधी या जागेवर जो होता, त्याच्या शेवटच्या तीन सॅलरी स्लिप दाखवता का?"

"ते कॉन्फिडेन्शियल आहे," असं उत्तर येईल.

मग आमचंही आहे.