पाच वर्षांचं म्हातारपण

या आठवड्यात सुरतेत वेसूला ओळखीच्या घरी पाळलेला फेरेट पाहिला. मुंगसाएवढा, भारी लाघवी प्राणी. पण शेपटीवरचे केस गेलेले, मागचे पाय लटपटत होते. "लहान आहे हो, पाचच वर्षांचा," घरातल्या काकू म्हणाल्या. पाचच! अहो, फेरेट तीन-चार वर्षांतच उतारवयाला लागतो आणि साधारण सहा ते आठ वर्षं जगतो. शेपटीपासून केस झडत जाणं हे बहुधा ॲड्रिनल ग्रंथीच्या विकाराचं लक्षण. मागचे पाय लुळे पडणं, लाळ गळणं, एकटक बघत राहणं यामागे अनेकदा स्वादुपिंडातली गाठ असते. ती इन्सुलिन वाढवते आणि रक्तातली साखर उतरते. त्यात तीस अंशांच्या वरचं ऊन त्याला सोसत नाही, आणि सुरतेचा उन्हाळा तुम्ही जाणताच. याच शहरात जेम्स फोर्ब्स या ब्रिटिश लेखकाने जनावरांचं मोठं रुग्णालय पाहिलं होतं. १७७२ साली तिथे घोडे, बैल, शेळ्या, माकडं, कबुतरं होती, आणि पंचाहत्तर वर्षं तिथेच सांभाळलेलं एक म्हातारं कासव! थकलेल्या जिवाची सेवा ही सुरतेची जुनी, अभिमानाची रीत आहे. म्हणून ठामपणे सांगतो, ज्याला प्राण्याचं म्हातारपण काढायचं नाही, त्याने पिल्लू आणूच नये. आणि ज्यांनी फेरेट आणलाय त्यांनी तिसऱ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी त्याला पशुवैद्याकडे न्यावं, रक्तातली साखर न चुकता तपासून घ्यावी.