काचेची पडवी

इंग्लंडमधील आपल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या खिडकीशी कढीपत्त्याची एक कुंडी असते. थंडी पडू लागली की तिची पाने गळतात आणि वसंत ऋतू येईपर्यंत बहुधा नुसती काडी उरते. मग घराच्या भिंतीला टेकवून लाकूड व काच यांची एकपाखी खोली बांधण्याचा विचार मनात येतो. इंग्रज लोक तिला ‘लीन-टू’ म्हणतात. अलिबाग-रेवदंड्याच्या आपल्या वाडवडिलांनी तिला पडवीच म्हटले असते. कोकणातील पडवी ऊनपाऊस बाहेर ठेवते, ही ऊन आत घेते, एवढाच भेद.

कल्पना जुनीच आहे. काचेवरील कर १८४५ साली रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. चॅट्सवर्थ येथील बागेची लांबलचक भिंत जोसेफ पॅक्स्टन यांनी १८४८ साली काचेने झाकली. लंडनचा स्फटिकमहाल उभारून कीर्ती मिळाल्यावरही, १८५८ साली, त्यांनी सामान्य माणसास परवडतील अशा लाकडी काचगृहांचे पेटंट घेतले.

या साऱ्याचे मर्म काचेत नसून भिंतीत आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. लंडनमध्ये जेमतेम १५ अंश. असे तिरपे ऊन दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर जवळजवळ समोरून पडते. विटा दिवसा तापतात व रात्री ती ऊब हळूहळू परत देतात. उत्तरेच्या भिंतीला हे भाग्य नाही. तेथे पैसे घालू नयेत.

परंतु भिंत जशी देते तशी मागतेही, आणि हे मी फार उशिरा शिकलो. इंग्लंडमधील घरांच्या भिंतीत, जमिनीपासून साधारण १५० मिलिमीटर उंचीवर, ओल अडविणारा एक थर असतो. त्याच्या खाली जाळीच्या विटा असतात. लाकडी तक्तपोशीच्या खालची हवा त्यांतून खेळते. मी पहिली पडवी बांधली तेव्हा भिंतीलगत मातीचा उंच वाफा केला व थंड वारा येतो म्हणून जाळीच्या विटांवर फळी ठोकली. दोन हिवाळ्यांनंतर स्वयंपाकघराचा गिलावा फुगला आणि कोपऱ्यातील तक्ता पायाखाली दबू लागला. वर्गात टीपकागदाचे टोक शाईत बुडवून मुलांना केशाकर्षण शिकविणाऱ्या मला, ओली माती तो थर ओलांडून विटांत पाणी चढविते हे सुचू नये! कर्ज काढून घेतलेले घर, आणि ते मी स्वतःच्या हातांनी भिजवीत होतो.

म्हणून दुसऱ्या खेपेस वाफा केलाच नाही. कुंड्या फळ्यांवर मांडल्या. जाळीच्या विटा मोकळ्या ठेवल्या. भिंतीस जोडलेल्या वरच्या तुळईवर शिशाच्या पत्र्याची पट्टी बसवून तिची कड विटांच्या दर्जेत खोचली व दर्ज पुन्हा भरून घेतली. नुसत्या मेणकट लुकणावर भिस्त ठेवू नये, ते पुढे तडकते. पागोळ्यांसाठी पन्हळ हवीच.

लाकूड सीडरचे उत्तम, कारण ते निसर्गतःच टिकाऊ असते. मात्र त्यात साधे लोखंडी खिळे मारल्यास काळे डाग पडतात, म्हणून पितळेचे किंवा गंज न चढणारे स्क्रू घ्यावेत. छपरास ४ मिलिमीटर जाडीची कडक केलेली काच घातली तर दर चौरस मीटरला १० किलो भार होतो. वासे त्या हिशेबाने ठेवावेत. घरात लहान मुले असल्यास खालच्या तावदानांतही तीच काच असावी. उन्हाळ्यात ही पडवी भट्टी होते, तेव्हा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याइतके छप्पर उघडता यावे. बांधण्यापूर्वी कौन्सिलकडे नियमांची चौकशी करावी, आणि शेजाऱ्यांशीही आधी बोलावे.

कडाक्याच्या थंडीत नुसत्या भिंतीच्या उबेवर कढीपत्ता तगत नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्ही नोव्हेंबर ते मार्च कुंडी घरात आणतो. आमची सौ. मात्र ‘मग एवढा खटाटोप कशासाठी?’ असे दर वर्षी विचारते, आणि एप्रिलमध्ये स्वतःच कुंडी उचलून पडवीत नेऊन ठेवते. आतील भिंत पूर्ण सुकावयास दोन उन्हाळे लागले.